रंग मातीचे म्हणता, मग हात कुणाचे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका चित्रकार मित्राची पाच चित्रे एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात लागली. प्रदर्शनाचा विषय होता नैसर्गिक रंग आणि आपला प्रादेशिक वारसा. मित्र सिल्लोड तालुक्यातला. त्याच्या गावाहून अजिंठ्याची लेणी एसटीने तासाभरावर. आपला माणूस, आपली चित्रे, म्हणून आम्ही पाच-सहा जण वर्गणी काढून उद्घाटनाला गेलो.

सगळ्यात मोठे चित्र सहा फुटांचे होते. चार माणसे मेलेला बैल बांबूला बांधून गावाबाहेर नेताहेत आणि मागून एक बाई डोक्यावर रिकामे टोपले घेऊन चालली आहे. त्यातला एकही रंग बाजारातल्या ट्यूबमधला नव्हता. चित्राखाली लावायची पाटी मित्राने स्वतः लिहून दिली होती. काव, पिवडी, चुना, काजळी, हिरवा दगड. रंग धरून ठेवायला सरस. सरस जनावराच्या कातड्याच्या कातरणांतून निघतो. जनावर ओढून नेणारे महार, कातडे कमावणारे ढोर, ते कापून शिवणारे चांभार. या चित्रातला रंग त्यांच्या कामामुळे पडद्यावर टिकून आहे. एवढेच लिहिले होते.

प्रत्यक्ष भिंतीवर जी छापील पाटी होती तिच्यावर तीन गोष्टी होत्या : मातीचे रंग, नैसर्गिक माध्यम, ग्रामीण जीवन.

मित्राने विचारले तेव्हा संयोजकांनी फार गोड शब्दांत सांगितले, "अहो, लोकांना आधी चित्राचा आनंद तर घेऊ द्या. प्रत्येक ठिकाणी जात कशाला आणायची?" आणि निघताना वर आणखी एक सूचना : "पुढच्या वेळी सरसाऐवजी डिंक वापरता येतो का बघा. काही पाहुण्यांना शाकाहारी असलेलं बरं वाटेल."

मित्र काहीच बोलला नाही. परतीच्या गाडीत मात्र आमच्यात रात्रभर भांडण झाले, आणि ते फक्त संयोजकांबद्दल नव्हते. आपापसातले होते. हा लेख त्या भांडणातून आला आहे.

आधी ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे बघू. आजकाल हा शब्द साबणापासून साडीपर्यंत सगळीकडे चिकटवला जातो. त्यातून असा भास होतो की निसर्गाने हे रंग तयार करून झाडाखाली ठेवले होते आणि कुणीतरी ते अलगद उचलून आणले. मित्राच्या घरामागच्या पडवीत एक दिवस बसून बघा. कावेचा दगड आधी फोडावा लागतो, मग खलात बारीक करावा लागतो, मग पाण्यात ढवळावा लागतो. जड रेती तळाशी बसते; वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात, तिथून तिसऱ्या भांड्यात ओतायचे. तिसऱ्या भांड्याच्या तळाशी जो मऊ गाळ राहतो तो खरा रंग. पसाभर रंगासाठी टोपलीभर दगड. काजळी पणतीवर उपडे ताट धरून जमवायची, आणि ती पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगत राहते. आधी थोड्या डिंकाच्या पाण्यात बोटाने घोटावी लागते. चुना तर भट्टीत भाजून, विरवून, दिवसेंदिवस पाण्याखाली ठेवून वापरायचा. ज्यांनी चुनाभट्टीवर काम केले आहे त्यांच्या हातांच्या भेगा बघा आणि मग ‘सौम्य, निसर्गस्नेही’ वगैरे बोला.

(आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हाही एक भाबडा समज. जुन्या पोथ्यांतला झळझळीत पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिकचे खनिज आणि लाल हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे. ते घोटणाऱ्यांच्या अंगात काय गेले असेल याची नोंद कोणी ठेवली नाही.)

आता सरस. रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून मंद गरम करायचा. उकळी येऊ द्यायची नाही, उकळला की त्याची पकड जाते. फडक्यातून गाळायचा. जास्त झाला तर वाळल्यावर रंगाचे पापुद्रे निघतात, कमी झाला तर बोट लावले की रंग बोटाला येतो. पावसाळ्यात दोन दिवसांत वास मारतो. काव, पिवडी, चुना ही सगळी धूळ आहे; तिचे चित्र करतो तो सरस. आणि पाटीवरून नेमका तोच गाळला गेला!

शाकाहारी रंगाची सूचना करणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. जलरंगांसाठी जो नामांकित, महागडा कागद परदेशातून येतो, त्यातल्या अनेकांना वरून जिलेटिनचा हात दिलेला असतो. जिलेटिन म्हणजे शुद्ध केलेला सरसच, कातडी आणि हाडांतून काढलेला. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचा कागद आणि फिल्म, दोन्हींवरचा थर जिलेटिनचा. म्हणजे त्याच दालनात शेजारच्या भिंतीवर लागलेली कमळे आणि मंदिरेही बहुधा कातड्याच्याच आधाराने उभी होती. वास फक्त आमच्या मित्राच्या चित्राला आला.

हा वास नाकाला येत नाही, मेंदूला येतो. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून भर रस्त्यात मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या बांधवांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली आणि विचारले की आता तुमची माता तुम्हीच उचला. ज्या देशात कातड्याला हात लावल्याबद्दल पाठ फोडली जाते, त्या देशात कातड्यातून निघालेल्या वस्तूचे नाव पाटीवर लिहिणे ही कलेबाहेरची गोष्ट कशी होईल?

रंगाला जात असते हे आम्ही आज शोधून काढलेले नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. संकटात वैश्याचा धंदा करून जगणाऱ्या ब्राह्मणाने काय काय विकू नये याची तिथे यादी आहे. त्या यादीत रंगवलेले कापड आहे, नीळ आहे, लाख आहे. पुढे तर असेही म्हटले आहे की मांस, लाख आणि मीठ विकणारा ब्राह्मण तत्काळ पतित होतो. नीळ आणि लाख! या भूमीतले दोन सर्वांत मोठे रंग, एक निळा आणि एक लाल, धर्माच्या नावाने बाटवले गेले. नीळ आंबवण्याच्या हौदात उतरणारे, ज्यांची नखे कायमची निळी होत, त्या लोकांची महाराष्ट्रात निराळी नावाची वेगळी जातच झाली. रंगारी ही जात झाली. अंगावर रंगीत शालू हवा, पण तो रंगवणारा पंगतीला नको. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हेही होते. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने निळा झेंडा उभारला. त्या निळ्याचा आणि या श्लोकाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरतो. निळा आपला आहे यासाठी मनूच्या दाखल्याची गरज नाही.

याउलट विनयपिटकात रंगाबद्दल काय आहे? महावग्गात चीवरांचे एक प्रकरण आहे. भिक्खू सुरुवातीला शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवरे रंगवत. रंग नीट बसत नसे. तेव्हा भगवंतांनी सहा प्रकारच्या रंगांना परवानगी दिली : मुळांचा, खोडाचा, सालीचा, पानांचा, फुलांचा आणि फळांचा. पुढे रंग नीट उकळला की नाही हे कसे ओळखायचे तेही सांगितले आहे. एक थेंब पाण्यात टाकून बघा किंवा नखाच्या पाठीवर टाकून बघा. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा थबकलो. एका धर्मग्रंथात रंग विकला तर पतन, आणि दुसऱ्यात घर सोडून आलेला क्षत्रियाचा पोर आणि न्हाव्याचा पोर एकाच चुलीवर चीवराचा रंग उकळताहेत, आणि नखावर थेंब घेऊन बघताहेत. संघात रंगाऱ्याचे काम सगळ्यांचे झाले. नैसर्गिक रंगांचा वारसा सांगायचाच असेल तर आम्ही तो इथून सांगू.

आणि अजिंठा तर आमच्या मित्राच्या दारातच. लहानपणी तो लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना गारगोट्या विकायचा. त्याच दगडांत कधी कधी हिरवी माती लागायची. पुढे चित्रकलेचे शिक्षण घेताना त्याला कळले की अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा अशाच हिरव्या मातीचा आहे. लाल आणि पिवळा गेरूचे, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा. भिंतीवर आधी चिखलाचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर कोरड्या भिंतीवर सरसात कालवलेले रंग. रसायनतज्ज्ञांनी या चित्रांची तपासणी करून सरसाचा उल्लेख केलेला आहे. म्हणजे ज्या पद्मपाणीच्या चेहऱ्यासमोर सगळे जग मान झुकवते, तो चेहराही कातड्याच्या सरसाने पंधराशे वर्षे भिंतीला धरून आहे. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात हे शोधा.

फक्त एक रंग इथला नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यातला गडद निळा लाजवर्द दगडाचा, जो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. ‘प्रादेशिक वारसा’ म्हणून ज्यांना कुंपण घातलेली, शुद्ध, फक्त इथल्या मातीची संस्कृती हवी असते त्यांनी हा निळा नीट बघावा. बौद्ध महाराष्ट्राचा प्रदेश बदख्शानपर्यंत पोचत होता. व्यापारी, भिक्खू आणि दगड एकाच वाटेने येत होते.

अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, हे दुःख आहे. पण म्हणून ‘प्राचीन भारतात कलाकार नाव लावतच नसे, तो निःस्वार्थ होता’ ही जी कथा आपल्याला शाळेत ऐकवली जाते, ती खरी मानू नका. कार्ल्याला जा. दाराजवळ कोरले आहे की ते काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले. त्याच लेण्यात गंधिक म्हणजे अत्तरविक्याचे नाव आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख कोरलेला आहे, त्यांच्याकडे दानाची रक्कम ठेवल्याचा. कुड्याला माळ्याचे दान आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या सह्याद्रीत सुतार आपले नाव आणि आपला धंदा धम्माच्या भिंतीवर उजळ माथ्याने कोरत होता, आणि कोणी त्याला म्हणाले नाही की प्रत्येक ठिकाणी धंदा कशाला आणायचा. आमच्या मित्राने पाटीवर जे लिहिले ते नवे नव्हते. ती कार्ल्याची जुनी रीत होती.

प्रदर्शनांचाही अजिंठ्याला जुना अनुभव आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे राबून त्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. त्यातल्याही कित्येक लंडनमध्येच १८८५ मध्ये आगीत गेल्या. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतीवर वॉर्निश फासले गेले आणि ते पुढे पिवळे-तपकिरी पडले. इतिहासात गिल आहे, ग्रिफिथ्स आहे. मशाल धरून उभा राहणारा, पाणी वाहणारा, शिडी धरणारा आसपासच्या गावचा माणूस कुठे आहे? तो आमच्या मित्राचा खापरपणजा असू शकतो.

वारली चित्रांचेही थोडक्यात सांगायला हवे, कारण वारशाच्या प्रदर्शनात ती हमखास असतात. पालघर-डहाणूच्या भागात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सवाशिणी लिहीत. चित्र हे बायकांचे काम होते. सत्तरच्या दशकात ते कागदावर आले, बाजारात आले, आणि नावे प्रामुख्याने पुरुषांची झाली. जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा थोर, २०११ चा पद्मश्री त्यांना योग्यच मिळाला. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार कॉफीच्या कपावर आणि हॉटेलच्या भिंतीवर ती माणसे नाचवणाऱ्यांबद्दल आहे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही वारली बाईचे नाव त्या कपावर आलेले नाही. जमीन मागणारा आदिवासी नको, भिंतीवर तारपा वाजवणारा हवा.

आता आमच्यातल्या भांडणाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

आमच्यासोबत कायद्याचा अभ्यास करणारी एक कार्यकर्ती होती. ती गाडीत मित्राला सरळ म्हणाली, "दादा, संयोजक चुकलेच. पण तूही चुकतोयस. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, मेलेलं खाऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या आजोबांनी गावाच्या शिव्या आणि बहिष्कार सोसून ते काम सोडलं. आणि तू आता त्याच कातड्याचं कौतुक भिंतीवर मांडतोयस. उद्या हेच लोक म्हणतील, बघा, यांचा पारंपरिक व्यवसाय किती सुंदर होता!"

आम्ही तिचे म्हणणे झटकून टाकू शकलो नाही, आजही टाकत नाही. तिची भीती खरी ठरलेली आम्ही पाहिली आहे. त्याच प्रदर्शनाच्या वेळी मित्राला विचारणा झाली होती की तीन दिवस दालनाच्या कोपऱ्यात बसून, धोतर-बंडी घालून, खलात रंग घोटून दाखवाल का. मित्र कलाशिक्षक आहे, पँट-शर्ट घालतो, मोटारसायकलवर फिरतो. त्याने नाही म्हणून सांगितले. चित्राखाली नाव देणार नाहीत, पण कोपऱ्यात बसलेला माणूस मात्र हवा!

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, आणि तीही एकाच्या डोक्यावर दुसरा अशी. वंशपरंपरेने लादलेल्या धंद्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी कधी माफ केले नाही. म्हणून आमचे उत्तर असे आहे की धंद्याचा अभिमान वेगळा आणि कामाचा हिशेब वेगळा. सरस किती पातळ हवा, चुना किती दिवस विरवावा, नीळ कधी आंबली, हे ज्ञान आहे. ते रसायनशास्त्र आहे. ते ज्यांच्याकडे होते त्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही आणि त्यांच्या ज्ञानाला ‘घाण काम’ असे नाव दिले. आता तेच ज्ञान शहरात कार्यशाळेची फी घेऊन शिकवले जाते तेव्हा ते ‘वारसा’ होते. काम सोडण्याचा हक्क आपण लढून मिळवला. केलेल्या कामावरचा हक्क सोडून देण्याची अट त्यात नव्हती. कर्ज फिटले म्हणून खतावणी जाळायची नसते, विशेषतः देणेकरी दुसरा असेल तेव्हा.

कार्यकर्तीचे यावर समाधान झाले का? पूर्ण नाही. ती म्हणाली, "मग पाटीवर हेही लिही की हे काम जबरदस्तीने करून घेतलं जायचं. नुसती जातींची नावं लिहिलीस तर ती जनगणना झाली." हे तिचे बरोबर होते. नागपूरच्या सवी सावरकरांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कळेल. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू रंगवताना ते बघणाऱ्याला सुखाची जागा ठेवत नाहीत. आमच्या मित्राच्या पहिल्या पाटीत ती धार नव्हती.

तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे की अशा प्रदर्शनांना जरूर जा, पण पाट्या वाचा. नैसर्गिक रंग म्हटले की विचारा, दगड कुणी फोडला, चुना कुणी भाजला, सरस कुणी केला, पैसे कुणाला किती मिळाले. अभिप्रायाच्या वहीत हेच प्रश्न नाव-गावासकट लिहा. आपल्या चित्रकारांनीही आपल्या पाट्या दुसऱ्याला लिहू देऊ नयेत. आणि अजिंठ्याला सहलीला जाता तेव्हा फक्त सेल्फी काढून परत येऊ नका. पद्मपाणीसमोर उभे राहून शेजारच्या पर्यटकाला सरस म्हणजे काय ते सांगा.

ती पाच चित्रे नंतर मित्राच्या गावातल्या बुद्ध विहाराच्या सभागृहात लागली. पाटी नवी होती. कार्यकर्तीने आणि मित्राने मिळून लिहिलेली, तिच्यात वेठ हा शब्द होता, आणि काम कोणत्या वर्षी कोणी सोडले ते होते. गावातल्या आठ म्हाताऱ्यांना विचारून नावे गोळा केली होती. दोन नावांवरून वादही झाला. ढोर समाजातले ऐंशीच्या पुढचे एक बाबा काठी टेकत आले. त्यांनी पाटी वाचून घेतली, आपल्या वडिलांचे नाव कुठे आहे ते दोनदा विचारले, मग चित्राच्या जवळ जाऊन बैलाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. थोडी काव अंगठ्याला लागली. मित्राकडे वळून म्हणाले, "सरस पातळ झालाय रे पोरा. उकळवलास का?"